पूर आला की तुम्ही आधी कुठे जाता?

चार_रस्ता
मंडळी, धागा कामाचा आहे, पण गप्पांना मनाई नाही. मी वाहतूक नियोजनात आहे. शहरातली माणसं कुठून कुठे, कधी आणि कशाने जातात याचं गणित संगणकात मांडायचं, यावर माझं पोट चालतं. सध्या डोक्यात बडोद्याचा पूर आहे.

रोजच्या वाहतुकीचं मॉडेल बऱ्यापैकी बसवता येतं. किती फेऱ्या निघतात, कुठे जातात, कशाने जातात, कोणत्या रस्त्याने जातात, अशा चार पायऱ्या. त्यातल्या शेवटच्या पायरीखाली वॉर्ड्रॉपचं १९५२ सालचं तत्त्व असतं: रस्ता बदलून कोणाचाच वेळ वाचणार नाही, अशा बेताला गर्दी आपोआप येऊन थांबते. पण हे रोजच्या सवयीने होतं. फतेगंजचा पूल संध्याकाळी टाळावा हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, अडकून अडकून कळलं. पुराच्या दिवसाला अशी रंगीत तालीम नसते.

मग पुरासाठी साधारण असं धरतात: इशारा मिळाला, थोडा वेळ गेला (किती वेळाने किती लोक निघतात, हे एस-आकाराच्या वक्राने दाखवतात), माणूस घरातून निघाला, जवळच्या सुरक्षित जागी सर्वात छोट्या रस्त्याने पोहोचला. ३१ जुलै २०१९ ला (एका दिवसात २० इंचांच्या आसपास) आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस मी जे डोळ्यांनी पाहिलं, त्यात हे फारच थोडं होतं.

म्हणून विचारतो. पाणी येणार हे कळल्यावर तुमची पहिली हालचाल काय होती? घर सोडलंत का? कोणत्या वाहनाने, कोणाला घेऊन, कोणत्या पुलावरून? पुरवणी प्रश्न: विनाचालक गाड्या उद्या आपल्याकडे आल्या, तर अशा दिवशी त्यांनी काय करावं? हसू नका, हाही माझ्या कामाचाच भाग आहे.

लकडीपूल
सोप्पं आहे. आधी गाडी.
२०२४ ला आमच्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमधल्या सगळ्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यानंतर सप्टेंबरात पुन्हा जोरदार पावसाचा इशारा आला, तर लोकांनी काय केलं? गाड्या नेऊन उड्डाणपुलावर लावल्या आणि स्वतः चालत घरी आले. मीही त्यातलाच. माणसं पुराच्या भागात, गाड्या सुरक्षित ठिकाणी. बसवा मॉडेलात.

शंकासूर
लकडीपूल, म्हणजे पुलाची एक लेन तुमच्या कृपेने बंद. ॲम्ब्युलन्स कुठून जाणार होती?

लकडीपूल
शंकासूर, साध्या विम्यात पाण्यात इंजिन लॉक झालं तर दमडी मिळत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. हे बहुतेकांना गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर कळलं. हप्ते चालू असलेली गाडी डोळ्यांदेखत बुडू द्यायची का? पालिकेने उंचावरची मैदानं पार्किंगला उघडून द्यावीत, मी पुलाकडे फिरकणार नाही.

समा_सावली
माझं उत्तर लांबलचक आहे, पण विचारलंयत तर ऐका.

ऑफिस अलकापुरीत, घर समाला, मुलगा कारेलीबागेत क्लासला, नवरा मकरपुरा जीआयडीसीत. तुमच्या हिशेबाने मी ऑफिसातून सरळ घरी जायला हवं होतं. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) पहिल्या तासाभरातच भरतं, हे शेंबडं पोरही सांगेल, त्यामुळे फतेगंजच्या पुलावरून. पण मी घरी गेलेच नाही. घर विश्वामित्री नदीच्या अलीकडे, मुलगा पलीकडे. मी नरहरी हॉस्पिटलकडच्या पुलावरून कारेलीबागेत गेले. तिथे कळलं की नवराही त्यालाच घ्यायला निघालाय, कारण माझा फोन लागत नव्हता. मग त्याची वाट बघत मी अमितनगर सर्कलपाशी एका मेडिकलच्या पायरीवर उभी. पाणी पायरीच्या खाली होतं ते पायरीशी आलं. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं, खालच्या फळीवरचे सलाईनचे खोके वर चढवले आणि म्हणाला, "बेन, आता निघा." नवरा आला, आम्ही तिघं एका ॲक्टिवावर बसलो, त्याची बाइक तिथेच सोडली. परत तोच पूल. सायलेन्सरपर्यंत पाणी आल्यावर ॲक्टिवा बंद पडली आणि घरापर्यंत ढकलत नेली.

म्हणजे दोघंही निघालो ते पुराकडे जाण्यासाठी. पळण्यासाठी नव्हे.

चार_रस्ता
समा_सावली, अगदी हेच हवं होतं. सुटसुटीत मॉडेलात तुमची एक फेरी मोजली जाते, ऑफिस ते घर. प्रत्यक्षात दोन वाहनं, दोन वेगळ्या दिशा, भेटीची जागा, मग परतीची एकत्र फेरी. त्यातल्या दोन फेऱ्या गर्दीच्या उलट दिशेने. कुटुंब आधी गोळा होतं, मग हलतं. हे अभ्यासकांना नवीन नाही, पण ते धरायचं तर कोणाचं मूल कुठल्या शाळेत, कोणाची आई कुठल्या भागात, ही माहिती लागते, आणि ती कोणाकडे नसते. ती नाही म्हणून मग हा भागच गाळतात.

आणि दुचाकी. परदेशातल्या मॉडेलात कुटुंब म्हणजे एक मोटार. आपल्याकडे कुटुंब म्हणजे एका ॲक्टिवावर तिघं, आणि सायलेन्सर बुडाल्याबरोबर तेच वाहन पादचारी होतं. वेग ताशी ३० वरून ३ वर.

मगरमच्छ
सगळे माणसांचंच विचारतायत. मगरींची फेरी कोण मोजणार? २०२४ ला अकोट्यात एक जण छतावर जाऊन बसली होती, अख्ख्या देशाने फोटो पाहिला. जवळची सुरक्षित जागा, सर्वात छोटा रस्ता. चार_रस्तांचं मॉडेल तंतोतंत पाळणारा बडोद्यातला एकमेव जीव. 😀

कामाठीबाग
मगरमच्छ, आयडी सार्थ केलात.

नाना_दांडियाबाजार
चिरंजीव, तुमच्या यादीत 'गेलोच नाही' असा रकाना आहे का?

आमच्या वाड्यात पूर आला की खालच्या मजल्यावरचं सामान वर जातं आणि माणसं त्यामागोमाग. देव, धान्याच्या कोठ्या, गॅसची टाकी, कागदपत्रांची ट्रंक, याच क्रमाने. १९२७ च्या पुरातही असंच केलं होतं, असं माझे वडील सांगत. तुम्ही मंडळी आडवं जाणं मोजता. जुन्या बडोद्यात लोक उभे जातात.

दुसरं, आम्ही सरकारी इशाऱ्याची वाट बघत नाही. दोन आकडे बघतो. आजवा तलावाची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलाखालची पातळी. आजवा २११ फुटांवर गेला की बासष्ट दरवाज्यांची चर्चा सुरू होते. विश्वामित्री पावागडाकडून येते, तेव्हा तिकडे काय पडलं यालाही महत्त्व. गावात ऊन असतं आणि नदी चढत असते, हे नव्या सोसायट्यांतल्या लोकांना अजून उमगत नाही. २०२४ ला पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा पाऊस ओसरला होता, आणि लोक बाल्कनीत उभे राहून विचारत होते की पाणी कुठून येतंय.

वडिलांच्या तोंडी पाणी खवळलं की सयाजीराव महाराजांचं नाव यायचं. आजवा त्यांनीच बांधला, तोही गावाला पाणी प्यायला मिळावं म्हणून.

चार_रस्ता
नाना, रकाना आहे. त्याला 'न हलणारे' म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी तो एका ठोक टक्केवारीने भरतात. तुमचं वाचून वाटतं की तो घराच्या मजल्यांवरून भरायला हवा. दुमजली वाडा, पाचमजली इमारतीचा तळमजला आणि पत्र्याचं घर, तिघांना एकच टक्केवारी लावणं चूकच.

कारेलीबाग_कट्टा
पत्र्याच्या घरांचं मी सांगतो. आम्ही काही मित्र पुराच्या वेळी मदतीला जातो. परशुराम भट्ट्यात आणि नदीकाठच्या इतर वस्त्यांत "लोक निघाले" असं होत नाही, त्यांना काढावं लागतं. पालिकेची शाळा उघडलेली असते, टेम्पो उभा असतो, तरी पहिला तास समजूत घालण्यातच जातो.

बायका-मुलं निघतात. घरातला एक पुरुष राहतो. घर उघडं टाकून जायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर ती भीती खोटीही नाही. शेळ्या असतात, त्यांना शाळेत घेत नाहीत. एका आजींनी शिलाई मशीन घेतल्याशिवाय यायला साफ नकार दिला. दोघांनी मशीन उचललं, मी आजींना उचललं, तर आजी माझ्या खांद्यावरून मशीनवाल्यांना सूचना देतायत, "पट्टा भिजवू नको, पट्टा."

२०१९ ला देवीपुऱ्यातून एका पोलिसाने प्लॅस्टिकच्या टबात बाळ ठेवून ते डोक्यावरून बाहेर काढलं होतं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. आमच्याकडे वाहन म्हणजे हे: टब, ट्रॅक्टर, डंपर, जेसीबीचा पंजा, तराफा. मोटारींचं मॉडेल करायचं तर करा, पण ज्यांना सगळ्यात आधी हलवायला हवं त्यांच्याकडे मोटार नाही.

सुनेत्रा_गोत्री
कारेलीबाग_कट्टा +१. आणि परत येण्याचं कोणीच बोलत नाही. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं की लगेच लोक परततात, लाइट नाही, पाणी नाही, तरी परततात. समोरून मदतीची वाहनं येत असतात. सगळ्यात वाईट कोंडी मी तेव्हा पाहिली आहे, पूर चढताना नाही.

टेक्सासचा_टिल्लू
मूळचा रावपुऱ्याचा, आता ह्यूस्टनला. इथलं सांगतो, कारण इथे सगळ्यांकडे मोटार होती आणि तेच महागात पडलं.

सप्टेंबर २००५. कॅटरिना वादळाला महिनाही झाला नव्हता. न्यू ऑर्लिन्समध्ये गाडी नसलेले लोक मागे राहिले आणि मेले, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं. तेवढ्यात रीटा चक्रीवादळ इकडे येतंय असं कळलं. किनाऱ्यालगतच्या भागांना निघायला सांगितलं होतं, पण ज्यांना सांगितलं नव्हतं तेही निघाले. एकूण पंचवीस-तीस लाख लोक रस्त्यावर. एकेका घरातून दोन-दोन गाड्या, कारण मागे ठेवलेली बुडेल. (लकडीपूल, तुमचे भाऊबंद इथेही आहेत.) शंभर अंशांच्या आसपास फॅरनहाइट, पेट्रोल संपलेलं, एसी बंद. उलट दिशेच्या लेन बाहेर जाणाऱ्यांसाठी उघडायचा निर्णय उशिरा झाला. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला डॅलसजवळ आग लागली, आत ऑक्सिजनच्या टाक्या, २३ माणसं गेली. शंभरावर बळी गेले आणि त्यातले बहुतेक पळापळीतले, वाऱ्याने गेले ते थोडे.

म्हणून म्हणतो, कोणी निघायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कोणी निघायचं नाही हे. नाना वर जाऊन बसतात ते योग्यच करतात.

मांजलपूरचा_मध्या
उलट दिशेच्या लेनमधून जायचं? आपल्याकडे ही योजना रोज राबवली जाते. मांजलपूरला या, दाखवतो.

चार_रस्ता
मध्या 😀

टिल्लूंनी जे सांगितलं, ज्यांना निघायला सांगितलं नाही त्यांनीही निघणं, त्याला छाया-स्थलांतर म्हणतात. अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड, मार्च १९७९. अणुभट्टीत बिघाड झाला आणि गव्हर्नरने पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायका आणि शाळेआधीच्या वयाच्या मुलांनी निघावं असा सल्ला दिला. म्हणजे काही हजार लोक. बाहेर पडले सुमारे १,४४,०००.

उधना_ते_बडोदा
त्यासाठी अमेरिकेत कशाला जायचं? १९९४ चा सुरतेचा प्लेग आठवा. सप्टेंबरात बातमी फुटली आणि लाखो माणसं सुरत सोडून गेली. आम्ही तेव्हा उधन्याला राहत होतो. कोणी निघा म्हणालं नव्हतं, उलट राहा म्हणत होते. स्टेशनवर जी गाडी येईल ती, ती कुठे जाते हे चढल्यावर विचारायचं. माझ्या आईने मुंबईची समजून जी गाडी पकडली ती इकडे निघाली होती. मावशी बडोद्याला होती म्हणून बरं. मावशीने दारात उभं करून आंघोळीला पाणी दिलं आणि मगच घरात घेतलं. आज हसतो त्यावर.

सांगायचं हे की त्या दिवशी कोणीच जवळचं ठिकाण निवडलं नाही. जिथे आपलं माणूस होतं ते ठिकाण निवडलं. ओरिसाचा विणकाम कामगार ओरिसालाच गेला.

सुनेत्रा_गोत्री
अगदी. छावणीत जाण्यापेक्षा लोक नणंदेकडे जातील, आणि नणंदेशी बोलणं नसेल तरच छावणीत.

शंकासूर
सगळं ठीक. पण मुळात हे मॉडेल कशासाठी? नदीतली अतिक्रमणं काढा, काठावर भराव टाकून उभी राहिलेली बांधकामं थांबवा, कांस, म्हणजे पावसाळी पाण्याचे नाले, मोकळे करा. पाणी यायचं थांबेल, मग पळायची वेळच येणार नाही. संगणकावर ठिपके हलवून पूर उतरत नाही. असले अहवाल धूळ खात पडलेले मी पाहिलेत. आणि माणूस संकटात कसा वागेल हे गणिताने कळतं, यावर माझा विश्वास नाही.

चार_रस्ता
शंकासूर, पहिल्या अर्ध्याशी सहमत. दुसऱ्याशी नाही.

माणूस काय निवडेल याचं गणित होतं आणि ते तपासलंही गेलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट ही रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. त्याआधी अधिकृत अंदाज होता की कामाला जाणारे १५ टक्के लोक ती वापरतील. डॅनिएल मॅकफॅडन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने लोकांच्या निवडीवरून ६.३ टक्के असा अंदाज काढला. प्रत्यक्षात आले ६.२. निवडीच्या याच गणितासाठी त्यांना २००० चं नोबेल मिळालं. अर्थात तिथे रोजची निवड होती, पुरातली नाही, म्हणून तर इथे विचारत बसलोय.

आणि पाणी थांबेपर्यंत काय करायचं? पूल कधी बंद करायचा, कोणता आधी, बस कुठे उभी करायची, हे कोणीतरी त्या रात्री ठरवतंच. आत्ता ते अंदाजपंचे ठरतं.

शंकासूर
६.३ आणि ६.२. हं. हे वाचून ठेवतो. कांसांचा मुद्दा मागे घेत नाही.

वाघोडिया_वर्कशॉप
पुरवणी प्रश्नाला कोणी हात लावला नाही, तर मी लावतो. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो.

विनाचालक म्हणजे सगळं एकच नव्हे. ० ते ५ अशा पातळ्या असतात. आपल्याकडे महागड्या गाड्यांत जे मिळतं ते दुसऱ्या पातळीपर्यंत, म्हणजे हात-डोळे तुमचेच. चौथी पातळी, जिथे ड्रायव्हर लागत नाही पण ठरलेल्या भागातच चालते, ती अमेरिकेत फिनिक्सला २०२० पासून सर्वांसाठी खुली आहे, नंतर सॅन फ्रान्सिस्कोत आली. आपल्याकडे दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाइन डिसेंबर २०२० पासून ड्रायव्हरशिवाय चालते, पण रुळांवर. रस्त्यावर अशा गाड्या येऊ देणार नाही, असं गडकरींनी २०२३ मध्ये पुन्हा सांगितलंय, ड्रायव्हरांच्या रोजगाराच्या कारणाने.

आता पूर. कॅमेऱ्याला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, खोली दिसत नाही. गढूळ पाण्याखाली रस्ता आहे की उघडं गटार, हे त्याला तितकंच माहीत असतं जितकं तुम्हाआम्हाला. साधारण एक फूट वाहतं पाणी छोटी मोटार उचलू शकतं, दोन फूट बहुतेक वाहनांना वाहून नेतं. रिक्षावाला समोरच्या बाइकचं चाक किती बुडालं ते बघून ठरवतो. गाडीला हे शिकवता येईल, पण शिकवावं लागेल.

दुसरं, वीज आणि नेटवर्क. २० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भाग अंधारात गेला, सिग्नल बंद पडले आणि वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्सी चौकाचौकांत उभ्या राहिल्या. सेवा थांबवावी लागली. संशय आला तर थांब, हा त्यांचा नियम. एरवी शहाणपणाचा आहे. पण सगळ्या गाड्यांना एकाच वेळी संशय आला की तो रस्ता बंद. आणि आपल्याकडे २०२४ ला कित्येक भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती.

लकडीपूल
म्हणजे मी पुलावर गाडी लावली ते चूक आणि ती स्वतःहून चौकात उभी राहिली तर तंत्रज्ञान. 🙄

वाघोडिया_वर्कशॉप
लकडीपूल, तुमच्याकडेच येतोय. बर्कलीच्या संशोधकांनी २०१८ साली एक मजेशीर प्रयोग छापला. विनाचालक गाडी अजून घरोघरी नव्हती, म्हणून त्यांनी काही जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर दिला. नमुना छोटा, १३ सहभागी. गाड्यांचा प्रवास ८३ टक्क्यांनी वाढला, आणि त्यातला काही भाग मालक आत नसताना: गाडी एकटी सामान आणायला, मित्राला सोडायला.

आता हे तुमच्या पुलाशी जोडा. तेव्हा तुम्ही गाडी लावून चालत परत आलात, पावसात. त्या त्रासापायी किती जण गेलेच नाहीत. उद्या गाडी स्वतः जाऊ शकते. मोबाइलवर आजव्याचा आकडा आला की एक बटण दाबायचं. अर्ध्या शहराच्या रिकाम्या गाड्या एकाच वेळी उंच जागेकडे निघतील, म्हणजे पुलांकडे. आणि समा_सावलींना त्याच पुलावरून मुलाला आणायचंय.

चार_रस्ता
हे माझ्या डोक्यात नव्हतं. रिकाम्या गाड्यांची मागणी. गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी पूल साडेतीन किलोमीटर. उभ्या मोटारीला साधारण सहा मीटर धरले, तर एका रांगेत सहाशेच्या आसपास गाड्या मावतील. एकट्या वासणा रोडच्या सोसायट्यांनाही पुरणार नाही.

मगरमच्छ
गाडीचा मेसेज: "मी सुखरूप पुलावर पोहोचले. तुम्ही कसे आहात?"

समा_सावली
😂 मगरमच्छ!

पण मला उलट हवंय. गाडीने एकटीने कारेलीबागेत जावं आणि मुलाला आणावं, म्हणजे आम्हा दोघांना पुराकडे जावं लागणार नाही. मग लगेच प्रश्न पडतो: क्लासवाले मुलाला रिकाम्या गाडीत बसवून देतील? आमच्या शाळेत तर ओळखपत्र दाखवल्याशिवाय सख्ख्या काकालाही मूल देत नाहीत. आणि पूल बंद झाला तर ती गाडी मुलाला घेऊन चौकात संशय येऊन उभी. नकोच. त्यापेक्षा क्लासवाल्यांनी मुलांना वरच्या मजल्यावर थांबवून आम्हाला तसा एक मेसेज केला असता, तर आम्ही दोघंही निघालो नसतो.

टेक्सासचा_टिल्लू
समा_सावली, हे लाख बोललात. तुमच्या दोन फेऱ्या एका मेसेजने रद्द होतात.

इंदूरी_जिरावन
शेजारच्या गावातून डोकावतोय. आमच्याकडे बीआरटीएसची, म्हणजे फक्त बसची, वेगळी मार्गिका होती, २०२५ मध्ये ती काढायचा आदेश झाला. मोटारवाले खूश. मला राहून राहून वाटतं, अशा आणीबाणीत फक्त बस आणि ॲम्ब्युलन्ससाठी एक राखीव पट्टी किती उपयोगी. विनाचालक गाड्या राहू द्या, आधी सचालक बस तरी वेळेवर सोडा.

शंकासूर
इंदूरी, पोह्यांवर शेव कमी टाका, पण मुद्दा बरोबर.

कारेलीबाग_कट्टा
बसचा मुद्दा धरून. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ मध्ये फनी आलं तेव्हा बारा लाख लोक आधीच हलवले. आपल्या बिपरजॉयला, जून २०२३, कच्छ-सौराष्ट्रातून लाखभर लोक हलवले. यातले बहुतेक स्वतःच्या गाडीने गेले नाहीत. गावातल्या ओळखीच्या माणसाने दार वाजवलं, बस दारात होती, आणि जिथे जायचं तिथे खिचडी शिजत होती. तुमच्या एस-आकाराच्या वक्रात 'दार कोणी वाजवलं' हे कुठे बसतं?

चार_रस्ता
निघायला लागणाऱ्या वेळात बसतं. सायरनला, मोबाइलच्या संदेशाला आणि ओळखीच्या माणसाला वेगवेगळा वक्र द्यावा लागेल. आत्तापर्यंत धाग्यावरून जे घेतोय: कुटुंब गोळा होण्याच्या फेऱ्या, मजल्यानुसार न हलणारे, नातेवाइकांकडे जाणारे, एक माणूस मागे ठेवणारी घरं, परतीची कोंडी, आणि रिकाम्या गाड्या. पुलावरचं पार्किंग मी दोन्ही प्रकारे चालवून बघेन, एका बाजूला परवानगी देऊन आणि पूर्ण बंद करून. लकडीपूल आणि शंकासूर, तोपर्यंत शस्त्रसंधी.

लकडीपूल
मंजूर, पण उंचावरच्या मैदानांचा तिसरा प्रकारही चालवा.

नाना_दांडियाबाजार
चार_रस्ता, एक सूचना. आमच्या गल्लीत तुमचा ऑनलाइन फॉर्म कोणी भरणार नाही. कागदावर आणा. गणपतीच्या दिवसांत मांडवात बसलात तर एका संध्याकाळी चारही पिढ्या सापडतील. कोणत्या वर्षी पाणी कितव्या पायरीला लागलं हे लोक भिंतीवरच्या खुणांसकट सांगतील. फक्त आरतीच्या आधी या, नंतर प्रसादाची गर्दी.

चार_रस्ता
येतो नाना. कागदी फॉर्म घेऊनच येतो.

निजामपुरा_नवखी
उशिरा आले, सगळा धागा आत्ता वाचला. नोकरीसाठी दोन वर्षांपूर्वी नाशिकहून इथे आले, तेव्हा ना नातेवाईक, ना मूल, ना मोटार. मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: मी आधी एटीएमवर गेले. मग दूध, मेणबत्त्या, पॉवर बँक आणि स्कूटरमध्ये पेट्रोल. निजामपुऱ्यातल्या पंपावर रांग पार मुख्य रस्त्यावर आली होती आणि तिच्यामुळे बस अडकली होती. त्या रांगेतल्या एकालाही कुठे जायचं नव्हतं. सगळे घरीच थांबणार होते.

चार_रस्ता
निजामपुरा_नवखी, पंपावरची ही रांग साधारण किती वाजता होती, आठवतंय? इशाऱ्याच्या आधी की नंतर?

निजामपुरा_नवखी
आधी. सोसायटीच्या ग्रुपवर आजव्याचा आकडा आला होता, तेव्हाच.